उजेडाला धरून

सोमवारी पहाटे हात उठला तेव्हा
मला वाटलं, पाणी मागतायत.
दिलं. तांब्या भिंतीवर गेला.

डावा हात. पार खांद्यापासून सुटलेला,
कुणी आतून चादर झटकतंय
आणि धूळ काही संपत नाही, तसा.
"मी करत नाहीये गं," म्हणाले,
आणि उजव्या हाताने त्याला ओढून
मांडीखाली दाबून बसले,
हट्टी पोराला बसवावं तसे.

पगारबाई म्हणाल्या, अंगात आलंय, वणीला नेऊन आणा.
डॉक्टर बिरारींनी फिल्म खिडकीशी धरली:
हे बघा, इथे, खोल, मसुराएवढा डाग.
झटक्यात हात पडतो एवढं ऐकून होते;
उठत राहतो, हे कुणी सांगितलं नव्हतं.

यांनी फिल्म मागून घेतली.
एकतीस वर्षं नोट प्रेसमध्ये
छापलेले ताव उजेडाला धरायचे, खोट शोधायची:
आकडा तिरका, शाई फुटलेली, धागा सरकलेला.
बोट ठेवायचं, ताव बाजूला.
आता स्वतःच्या डोक्याचा ताव
एका हातात,
दुसरा हवेत भिरभिरतोय,
आणि म्हणाले, "हो. आहे."
तेवढंच. ड्यूटीवरच्या आवाजात.

जेल रोडला चालायला नेलं तर
दोन रिक्षा थांबल्या.
"बिटको? बिटको?"
नाही हो, म्हटलं, तो हात कुणालाच बोलवत नाही.
समोरच्या बिल्डिंगमधली चिमुरडी मात्र
रोज गॅलरीतून उलट टाटा करते.
तिला सांगायचं राहून गेलंय.

मीही शोधलं, खोटं कशाला बोलू.
रात्री वही घेऊन बसले त्यांच्यासमोर.
बंडल मोजतायत? ताव उलटतायत?
की मला काही सांगतायत,
रात्रपाळ्यांमध्ये राहून गेलेलं?
दोन पानं रेघोट्या मारल्या.
एकासारखं दुसरं काही नव्हतं.
हात हलला की काहीतरी म्हणतोय
असं आपल्यालाच वाटतं.

झोप लागली की थांबतो.
एकदम. बिरारींनी बजावलं होतं तरी
पहिल्या रात्री त्या शांततेने मी दचकून उठले,
नाकाशी बोट धरलं.
श्वास होता. हात उशीवर, तळवा वर,
कुणाचाच नसल्यासारखा.
मी माझा त्यात ठेवला.
घड्याळात साडेचार.
पहिली पाळी असती
तर डबा करायची वेळ.

गोळ्यांचा सहावा आठवडा.
आता नुसती बोटं चाळवतात,
कपावर नखं वाजतात.
आज स्टीलचा मग फडताळात ठेवला,
चिनी मातीचा कप काढला.
दुसऱ्याच घोटाला बशी गेली.
कप वाचला.
ते हसले, कितीतरी दिवसांनी, तोंड जरा वाकडं करून.
मी तुकडे वेचले,
आणि त्यांच्या सवयीनं
एक उजेडाला धरून पाहिला.