तळाशी

मन्सूराच्या इस्पितळात, तळघरात,
यंत्र दिवसभर एवढंच बोलतं:
श्वास घ्या. रोखा.
लोक रोखतात, अर्धामुर्धा, खोकत.
अब्दुलमोतींनी असा रोखला
की काचेमागे नेरमीन उठून उभी राहिली.
"चाळीस वर्षं बुड्या मारल्यात," ते नंतर म्हणाले,
"अंगठ्या, किल्ल्या, एकदा तर शिवणयंत्र.
नाईलला घाई चालत नाही."

वरच्या अंधाऱ्या खोलीत मी.
पडद्यावर त्यांचं यकृत
आणि उजवीकडे एक काळसर डाग, संत्र्याएवढा.
नेहमीचा असता तर ओळखला असता.
नेहमीचा रक्त पितो, उजळतो, विझतो,
शिरांना कोपर मारून बाजूला सारतो.
हा उजळतच नाही.
याच्या पोटातून शीर सरळ जाते आहे,
न वाकता, न दबता,
तल्खाच्या काठी पाणवेलींतून
नावेचा दोर जावा तशी.

चित्र मागे नेते, पुढे आणते.
प्लीहा नीट. इतरत्र गाठी नाहीत.
बावीस वर्षांत असं दोनदा.

लिहिते: लिम्फोमा असू शकेल.
'शकेल' खोडते.
'शकेल' परत लिहिते.
तुकडा काढून पाहावा.

बाहेर बहीण विचारते, काळीज कसं आहे त्याचं?
आमच्याकडे यकृत आणि काळीज एकच शब्द,
आई लेकराला हाक मारते तोच.
मी म्हणते, सुई घालावी लागेल.

"बरोबर," अब्दुलमोती म्हणतात,
"तळाशी काय आहे ते
हाताला लागल्याशिवाय सांगू नये."

त्यांच्या सदऱ्याचं बटण
एक घर चुकलंय.
मी तेही सांगत नाही.