उलाळ

हिलाल मिस्तरीच्या शेडसमोर, शिरपूरला,
कडुनिंबाखाली उभी आहे ट्रॉली:
स्कूटरची दोन चाकं, एक आस,
चौकोनी पाइपाची लांब दांडी
आणि वर पालथी झोपलेली माझी पिवळी कयाक,
बंद पडलेल्या बोट क्लबातून साडेअकरा हजारांना आणलेली.
येणारा-जाणारा थांबतो.
हाई काय शे? टाकी का?

पहिल्या दिवशी बायपासला
काटा पंचेचाळीसच्या पुढे गेला
आणि आरशात तिचं शेपूट
डावीकडे, उजवीकडे, डावीकडे.
ब्रेकवर पाय गेला तर अजूनच.
मग पाय उचलला, स्टिअरिंग नुसतं धरून ठेवलं,
श्वाससुद्धा सरळ रेषेत घेतला.

हिलालनं ऐकून घेतलं. दांडीखाली
एक बोट घातलं.
बोटावर उचलली गेली.
"नाक हलकं शे, म्हनीसन शेपूट हालस."

त्याचा बाप कपाशीच्या गाड्या हाकायचा.
गाडी उलाळ झाली की जू वर उचलतं,
बैलाचा गळा आवळतो.
धुरेला जड झाली तर मान सोलते.
बाप मागच्याला म्हणायचा, सरक पुढं.
एवढंच. बाकी हिशोब
बैल करायचे.

आम्हाला बैल नव्हते, म्हणून
किराण्यातून वजनकाटा आणला,
काट्यावर वीट, विटेवर दांडी.
सगळं मिळून चौऱ्याऐंशी किलो.
नाकावर फक्त सव्वादोन.
"दहात एक तरी पाहिजे, मॅडम."
यू-बोल्ट सैल केले, आस चार बोटं मागे.
पाच.
आणखी दोन बोटं. साडेसहा.
मग मी वल्ही, जॅकेटं, पाण्याचा कॅन
एकेक करून पुढे सरकवत राहिले,
घरात पाहुणे वाढले की अंथरुणं सरकवतात तशी.
साडेआठला त्यानं पान्यावर सगळा भार टाकला.

पट्ट्याला एक पीळ द्यायचा असतो,
नाहीतर वाऱ्यात तो भणभणतो,
हे तापीच्या पुलावर कळलं.
दहा किलोमीटरवर उतरून चाकाच्या तुंब्याला हात लावला.
चहाच्या उरलेल्या कपाइतका कोमट. चालेल.
साठवर गेले.
शेपूट माझ्यामागे गुपचूप,
लाल फडकं तेवढं फडफडत.

संध्याकाळी, परतताना, चढावर
पुन्हा तेच. डावीकडे, उजवीकडे.
बोल्ट घट्ट. सामान जिथल्या तिथे.
घाईत तिला उताणीच बांधली होती.
वाकून पाहिलं तर मागच्या बैठकीखाली
वल्ह्यांवरून ओघळत आलेलं पाणी,
अर्धी बादली, चढावर सगळं मागे जमलेलं.
बूच काढलं.
अर्धी बादली तापी
रस्त्याच्या कडेला, फुफाट्यात.

शेळ्या घेऊन निघालेला पोरगा थांबला.
हाई काय शे?
होडी.
मंग पानी काबर सांडी राह्यनी?

म्हटलं, नाक हलकं झालं होतं रे.
त्यानं एका शेळीकडे पाहिलं,
मग माझ्याकडे,
आणि काही न बोलता मान हलवली,
जणू हे तर त्याला ठाऊकच होतं.