गुरुवारची बोट

गुरुवारी येते म्हणाले होते.
आज सोमवार.
नेई तेरेतिया खोबऱ्याचा कीस पिळता पिळता म्हणते,
गुरुवारी म्हणजे कुठल्यातरी गुरुवारी.

बेट इतकं अरुंद
की या किनाऱ्यावर शिंकलं
तर त्या किनाऱ्यावरचं कुत्रं मान वर करतं.
वाट एकच, पोवळ्याच्या पांढऱ्या भुग्याची.
सायकली तीन, एकीला सीट नाही.
दुकानात तांदूळ, काडेपेट्या, डबाबंद मासे
आणि एका खोक्यात, कोण जाणे कुठून,
चाकं लावलेला एकच बूट.

पहिले दोन दिवस मी फोन उंच धरून हिंडलो,
वरात चुकलेल्या गॅसबत्तीवाल्यासारखा.
मग तो खांबाला टांगला.
इथल्या घराला भिंती नाहीत, खांब आहेत.
वारा आत येतो, कोंबडी येते,
शेजारची पोरं येतात आणि माझ्या दाढीचा साबण हुंगतात.

पहाटे ब्वेरेती माडावर चढतो.
पोय कापतो, बाटली बांधतो
आणि वर बसून मोठ्यानं गातो,
खालून जाणाऱ्याला कळावं वर माणूस आहे.
काय गातोस, मी विचारलं.
आज आजोबांची होडी. काल तू होतास.
मी? काय होतं माझ्याबद्दल?
तो हसला, इतका
की बाटलीतली निम्मी ताडी माझ्या डोक्यावर.

दुपारी बाबाईच्या खड्ड्यात उतरलो,
गुडघाभर चिखल.
आपल्या अळूचे हे दांडगे मामेभाऊ,
एका पानाखाली दोन मुलं झाकतील.
तेरेतियानं कंद उपटला, मला धरायला दिला,
मी आणि कंद दोघेही आडवे.

त्या रात्री पोट भरलं होतं, चांदणं होतं,
आणि मी बोलून गेलो :
इथं अजून काही झालं नाही, किती छान.
असंच राहू दे.

तिनं दिव्याची वात खाली केली.
झालं नाही कसं?
माझी पाच मुलं इथंच झाली.
थोरल्या तेकिनातीचं बाळ आडवं आलं.
तेव्हाही बोट गुरुवारची होती.

घराला लागून पांढऱ्या खड्यांची एक चौकट आहे.
रोज सकाळी तिथं उभा राहून
मी दात घासत होतो.
मला ती बाग वाटली होती.

बराच वेळ कोणी बोललं नाही.
खडकांच्या कडेवर समुद्र दळत होता, दळतच होता.
मग तिनंच विचारलं, तू काय बघायला आलास?
शांतता, मी म्हणालो. दुसरं सुचेना.
ही? ती म्हणाली,
आणि कान देऊन ऐकू लागली,
जणू तिच्याच घरातली एखादी वस्तू मी दाखवतोय
जी तिनं कधी मोजली नव्हती.

गुरुवारी नाही, शनिवारी आली बोट.
पोरं किंचाळत पाण्यात शिरली.
तेरेतियानं माझ्या खिशात कागद कोंबला :
सुया, दोन नंबरचे गळ, रॉकेलच्या दिव्याची काच,
तापाच्या गोळ्या, लहान मुलांच्या.
शेवटी काहीतरी लिहून खोडलेलं.
पाठव, म्हणाली. वार कुठलाही चालेल.

कमरेएवढ्या पाण्यातून पिशवी डोक्यावर धरून निघालो
तेव्हा माडावर गाणं चालू होतं.
मधेच माझं नाव आलं, त्याच्या उच्चारातलं,
एक अक्षर जास्तीचं.
पुढचं ऐकायला थांबलो.
इंजिन सुरू झालं.