गंगाजळी

डिसेंबरात अहवाल येतो,
किराणा दुकानाच्या कुपनांना चिकटून.
एकशे बारा पानं. मुखपृष्ठावर या वर्षी
बर्फ ढकलणारा पिवळा ट्रक.

मी चहा ठेवते आणि चाळिसाव्या पानापासून वाचते,
आधी सगळे आभारच असतात.

निव्वळ परतावा नऊ पूर्णांक दोन.
अपेक्षा सातची होती.
देणी भागवण्याची ऐपत, शंभरात एक्याऐंशी.
डिस्टिंक्शन, बाबा म्हणाले असते.
उरलेले एकोणीस कुणाचे बुडणार
ते कुठल्याच पानावर नाही.

एकतीस वर्षं मी डलूथचं पाणी तपासलं.
सरोवर एवढं, की पलीकडचा काठ ही ऐकीव गोष्ट.
पहाटे पाचला नमुने, काचेच्या बाटल्या, बधिर बोटं,
आणि दर पंधरवड्याला पगारातून साडेसहा टक्के वजा.
तेव्हा राग यायचा. इकडे छत गळतंय,
मुलाला स्केट्स लहान झालेत,
आणि हे लोक माझे पैसे
कुठल्याशा विमानतळात,
ओरेगॉनच्या कुठल्याशा जंगलात पेरतायत.

आता दर एक तारखेला
ते लाकूड तरंगत येऊन माझ्या खात्याला लागतं.
दोन हजार तीनशे अठरा डॉलर.
कुणाला फोन करावा लागत नाही.
मुलाला तर नाहीच.

महागाईवाढ एक टक्का :
दोन डझन अंडी, कॉफीचा डबा, थोडी चिल्लर.

मग पान एक्याण्णव. मुंगीएवढ्या अक्षरांत
गणितज्ञांची टीप :
सदस्यांचे मृत्यू अपेक्षेपेक्षा अधिक झाल्याने
निधीस चार दशलक्षांचा लाभ.

लाभ.
मी चष्मा पुसला.

त्या लाभात अर्नी हाल्वरसन आहे.
मुखपृष्ठ पुन्हा पाहिलं. काचेमागे कोण ते दिसत नाही,
पण दारावरचा पोचा मी ओळखते. ट्रक नंबर सतरा.
अठ्ठावीस हिवाळे त्यानं सगळ्यांत आधी
प्रयोगशाळेचा रस्ता मोकळा केला.
का रे, विचारलं तर म्हणे,
तू पाणी पास केल्याशिवाय माझी कॉफी कशी होणार?
निवृत्तीच्या पार्टीत नॅपकिनवर हिशेब मांडला होता :
पंचाऐंशी गाठली तर मी जिंकलो.
मार्चमध्ये गेला. सदुसष्टावं चालू होतं.
चेक अकरा.

लोरेनला निम्मं येतं, ती असेपर्यंत.
त्यानं स्वतःचे महिना दोनशे सोडून
तो रकाना भरला होता.
खाली तिची सही आहे, पण न वाचता केलेली,
ओव्हनमध्ये काहीतरी होतं म्हणून.
पहिले पैसे आले तेव्हा
चूक झालीय म्हणत ती परत करायला गेली.

आपल्याकडे अशा साठ्याला गंगाजळी म्हणतात.
बातम्यांत वापरून गुळगुळीत झालेला शब्द.
माझ्याकडे खरीच आहे एक :
आईनं निघताना स्वेटरात गुंडाळून दिलेला गडू,
तोंडाला डाख दिलेला.
लागेल तेव्हा फोड, म्हणाली.
कधी लागेल ते दोघींनाही ठाऊक होतं.
पासपोर्टांच्या खणात असतो तो.
लाखभर नमुने तपासले असतील मी,
हे एवढं पाणी सोडून.

शनिवारी वार्षिक सभा होती, शाळेच्या जिममध्ये.
लोरेनला गाडीत घालून नेलं.
तिरक्या टायचा एक पोरगा
भिंतीवर चढती रेघ दाखवत होता.
कुणाला काही विचारायचंय?
लोरेन उठली.
मी अहवाल घट्ट धरला, पान एक्याण्णवमध्ये बोट घालून.

ती म्हणाली,
या ट्रकचा फोटो
जरा मोठा करून मिळेल का?

पोरग्यानं पेन शोधलं.
कुठला ट्रक, मॅडम?

सतरा,
आम्ही दोघी एकदमच म्हणालो.