दीड अंश

मंगळवारपासून स्कॅन वाकडा येतोय.
फार नाही. दीड अंश असेल.
भिंतीवरची तसबीर झटकणीनं हलावी
आणि चार पाहुण्यांतल्या एकालाच दिसावी, इतकाच.
पण दिघे वकिलांना दिसतं.
"मॅडम, इंडेक्स टूचे आकडे घसरगुंडीवर बसलेत."

वाकडला राहायचं आणि सरळ स्कॅन मागायचे,
हा विनोद माझ्याआधी तिघांनी केला.
चौथ्यांदा मीच केला, कस्टमर केअरच्या मुलीजवळ.
ती गुरगावला होती. तिला कळला नाही.

तिनं सांगितलं ते सगळं केलं.
कागद पत्त्यांसारखे पिसले,
टेबलावर ठोकून कडा जुळवल्या,
नखानं पिना काढल्या, दुमडलेले कान सरळ केले,
चाळीसऐवजी दहाच पानं ठेवली.
बाजूच्या पट्ट्या कागदाला टेकतील इतक्या जवळ
आणि कागद फुगणार नाही इतक्या लांब.
हे अंतर पुस्तिकेत मिलिमीटरमध्ये दिलेलं नाही.

काचेवर ठेवलं की सरळ.
वरून ओढून घेतलं की वाकडं.
म्हणजे नजर ठीक आहे,
ओढ बिघडलीय.

तापकीर गल्लीतून तौफिक बागवान आला,
हेल्मेट काखेत, भूमकर चौकाला दोन शिव्या घालत.
झाकण उघडून रबरी रोलरवर अंगठा फिरवला,
मग माझाही फिरवायला लावला.
"डावीकडं खरखरीत लागतं? उजवीकडं गुळगुळीत झालाय.
डावा ओढतो, उजवा नुसता संगतीनं फिरतो."
इन्व्हर्टरसाठी आणलेल्या डिस्टिल्ड पाण्यात
जुन्या बनियनचा तुकडा बुडवून त्यानं रोलर पुसला.
काळं निघालं. सहा वर्षांचं,
लोकांच्या सातबाऱ्यांवरून, मृत्युपत्रांवरून,
कुणाकुणाच्या बोटांवरून आलेलं.
"नवा बसवू पुढच्या आठवड्यात. तोवर चालेल."
चहा? अर्धाच.

तो गेल्यावर दिघ्यांची एकशे बारा पानं
मुकाट्यानं सरळ निघाली.

मग माझी चार.
कर्वेनगरच्या फ्लॅटचं हक्कसोडपत्र.
लिहून देणार मी. लिहून घेणार श्रीनिवास, धाकटा भाऊ.
मोबदला काही नाही, नैसर्गिक प्रेम व आपुलकीपोटी.
हे वाक्य मी इतक्यांदा स्कॅन केलंय
की आता वाचलं जात नाही,
समासाच्या रेघेसारखं नुसतं दिसतं.

पहिलं पान सरळ. दुसरं. तिसरं.
चौथं वाकडं.

पुन्हा घातलं. वाकडं.
पट्ट्या पाहिल्या, कोपरा पाहिला.
काचेवर ठेवलं, तिथंही वाकडं.
तौफिकला फोन लावला, तो डांगे चौकात सिग्नलला अडकलेला.
"सेटिंगमध्ये बघा, 'आपोआप सरळ करा'वर टिक असेल.
ते पानावरची सगळ्यात ठळक रेघ धरतं, मॅडम,
आणि बाकीचं तिच्याप्रमाणे फिरवतं."

सगळ्यात ठळक रेघ माझ्या सहीखाली होती.
बँकेत पहिलं खातं उघडताना अण्णांनी शिकवलेली:
खाली रेघ मार, चढती मार,
कुणाला नक्कल जमता कामा नये.
त्या दिवशी रजिस्ट्रारसमोर
जरा दाबून ओढली गेली असावी.

स्क्रीनवर ती रेघ ओळंब्यानं तपासावी अशी आडवी,
आणि तिच्यापायी मजकूर, गोल शिक्का, दोन साक्षीदार,
श्रीनिवासचा फोटो, त्याचा निळा अंगठा,
सगळे एका अंगाला कललेले,
बस वळताना उभे प्रवासी कलतात तसे.

टिक काढायला एक क्लिक लागतं.
मी आधी चहाचे कप विसळून आले.
मेसेज होता: ताई, पाठवलंस का?

पाठवलं. चारही पानं.

दहा मिनिटांनी: शेवटचं थोडं वाकडं आलंय गं.

हो, मी लिहिलं,
रोलर पुढच्या आठवड्यात येणार आहे.