पाध्ये जेवायला निघतात

सतरा वर्षं जुबैलमध्ये,
सतरा वर्षं तोच कुकर, तीच मुगाची डाळ,
आणि कागदावर शिक्का पडला, फायनल एक्झिट, महिनाअखेर,
तेव्हा पाध्ये म्हणाले,
"गोंधळेकर, मला एकदा बाहेर जेवायचंय.
नीट. बसून."

म्हणून गुरुवारी शिफ्ट सुटल्यावर मनामा.
पुलावर दोन तास.
मधल्या बेटावर गाड्या अंगाला अंग लावून,
शेजारच्या जीपमधली पोरं बिया सोलून टरफलं समुद्राकडे फुंकतायत
आणि पाध्ये मांडीवर माझी यादी घेऊन,
वाण्याचं बिल तपासावं तशी,
एकेका नावावर बोट.
तीन महिने जमवली होती मी ती,
ज्याला त्याला विचारून: चांगलं कुठं मिळतं?

पहिलं ठिकाण बंद. आता तिथे मोबाइलची कव्हरं.

दुसऱ्याला काचेच्या भिंती.
परातीएवढी पांढरी बशी,
मधोमध भाजल्या वांग्याची एक फोड,
भोवती डाळिंबाचे दाणे. सात.
पाध्यांनी मोजले.
मग दिनारांचे रियाल केले, रियालांचे रुपये,
चष्मा काढून पुसला.
"माझ्या सासऱ्यांची सटाण्याला डाळिंबाची बाग आहे,"
एवढंच म्हणाले, वेटरला. मराठीत.
तोही मान लववून "थँक्यू सर".

तिसरं मी माझ्यासाठी लिहिलं होतं, कबूल करतो.
कोळशावरचा हामूर.
पाध्ये समोर बसून लिंबू चोखत राहिले
आणि पाहत राहिले, मी काटा कसा काढतो ते,
एखाद्याचं इस्त्री करणं पाहावं तसे.
"सुटतो की सबंध," म्हणाले. कौतुकानं.
रात्री हॉटेलात बॅगेतले चुरमुरे खाल्लेले
मला ऐकू आले.

सकाळी टॅक्सी. चालक जासिम, पांढऱ्या मिशा,
आरशाला लटकवलेली जपमाळ.
मी यादी काढणार, तोच पाध्ये पुढे वाकले
आणि साइटवरच्या मोडक्यातोडक्या अरबीत,
"इंता वेन याकुल?"
तू कुठं जेवतोस?

एवढं साधं.
माझे तीन महिने.

मुहर्रकची गल्ली. निळं दार. तीन टेबलं, पाटी नाही.
आत भट्टीच्या भिंतीवर थाप, थाप,
आणि चिमट्यानं उचललेली, फुगे करपलेली रोटी.
माझ्या रोटीवर काळपट काहीतरी माखलेलं, महयावा,
आणि वास!
वेलदूरच्या धक्क्यावर बांगडा वाळतो दुपारचा,
हुबेहूब तो. नाक धरून पळणारे पळोत,
मी मात्र जिथं होतो तिथंच बसलो
आणि बराच वेळ कुठंच नव्हतो.

पाध्यांपुढे शेवया.
केशर, वेलची, गुलाबपाणी,
आणि वर पांघरूण घातल्यासारखी अंड्याची पोळी.
ती त्यांनी दोन बोटांनी उचलली,
फाइल सरकवावी तशी माझ्या ताटात सरकवली.
एक घास. "साखर जास्त आहे."
दुसरा घास. मग बोलणं नाही.
मग, नजर खालीच ठेवून, दुसरी बशी.
पेल्यातला चहा निवला. जासिम दाराशी बसून
स्वतःचे हरभरे खात होता, कुणाचीच घाई नसल्यासारखा.

निघताना त्यांनी यादीतलं सगळं
पट्टीनं आखल्यासारखं सरळ खोडलं
आणि खाली लिहिलं, ड्रॉइंगवर लिहायचे त्या अक्षरात:
मुहर्रक. निळं दार. शेवया. अंडं काढून.
"तुला लागेल."

ते गेले. पुढच्या महिन्यात मी एकटाच आलो,
कागद खिशात.
त्या गल्लीत अकरा दारं निळी आहेत.
मी प्रत्येकासमोर थांबून
वास घेत होतो.