वीस पडदे

मिरजेत, दर्ग्यामागच्या गल्लीत,
माळ्यावर भोपळे पालथे निजलेल्या त्या दुकानात
मी इलेक्ट्रिक गिटारची मान करून मागितली
तेव्हा नूरुद्दीनचाचांनी आधी शब्द दुरुस्त केला.
"मान नका म्हणू, बाई. मान आखडते.
दांडी म्हणा."

मग म्हणाले, सतारीचा पडदा तातीनं बांधलेला,
राग बदलला की सरकतो, माणसाचं ऐकतो.
तुमचा ठोकलेला.
एकदा बसला की बसला.
म्हणून लाकडालाच आधी विचारून घ्यायचं.

अल्ताफनं तीन फळ्या मांडल्या,
हात आणि चार बोटं लांब.
मेपल पुण्याहून कुरिअरनं आलेला,
गोरा, पाहुण्यासारखा अंग चोरून बसलेला.
आबनूस इतका काळा
की त्यावर ठेवलेलं माझं बोट मलाच परकं वाटलं.
किंमत ऐकून ते मी उचललं.
आणि शिसव.
तासगाव रोड रुंद केला तेव्हाचा,
बारा वर्षं याच भिंतीला टेकून मुरलेला,
कडेनं चहाचा एक गोल डाग.

चाचांनी एकेक फळी कानाशी धरली,
मधल्या बोटाच्या पेरानं टकटक केलं.
"हा मेपल ओरडतो.
हा काळा सगळं ऐकून घेतो, परत काही देत नाही.
शिसव बोलतो.
घरी न्या. एक रात्र जवळ ठेवा.
घाई तुम्हाला असेल, त्याला नाही."

त्या रात्री माझी ड्यूटी होती.
अडीच वाजता एक्स-रे रूम रिकामी,
सिद्राम स्टुलावर डुलत होता.
मी फळी टेबलावर निजवली,
लहान मुलाच्या मनगटाला देतो तेवढाच डोस दिला
आणि शिशाच्या काचेआडून
शिसव पाहिला.

स्क्रीनवर आल्या रेषा,
उन्हाळ्यांच्या, पावसाळ्यांच्या,
हाडाहून मऊ, धुराहून ठाम.
आणि एका टोकाला, दोन इंच आत,
पांढरा लख्ख
खिळा.
तिरपा, डोक्यासकट.

कुणी ठोकला असेल?
पंक्चरवाल्यानं पाटीसाठी?
ऊसतोडीच्या बाईनं
झोळीची दोरी अडकवायला?
झाडानं आरडाओरडा केला नाही.
खपली धरली, खपलीवर वर्षं धरली.
आमच्याकडं रिपोर्टात लिहितात, बाह्य वस्तू.
डॉक्टर विचारतात, दुखतं का?
सिद्राम जागा होऊन म्हणाला,
"मॅडम, पेशंटचं नाव काय टाकू?"

सकाळी मोबाइलमधला फोटो दाखवला.
चाचांनी चष्मा पुसला,
परत पुसला.
पन्नास वर्षं ठोकून ऐकणारा माणूस
एका पांढऱ्या रेघेपुढं गप्प झाला,
आणि मला वाटलं, उगाच दाखवलं.
मग त्यांनी फळी उचलली, टोकाशी टकटक केलं,
मान तिरकी करून खूप वेळ थांबले.
"आता ऐकू येतंय," म्हणाले.
अल्ताफ भिंतीकडं तोंड करून हसला.

मी म्हटलं, राहू दे की आत, खूण म्हणून.
"लोखंड घाम पितं, बाई.
तुमच्या बोटांचा घाम.
आजूबाजूचं लाकूड काळं करत जाईल."
पेन्सिलीनं रेघ मारली.
बावीसचे वीस पडदे.
"वर कुठं जायचंय एवढं?"

खरंच, एवढ्या वर मी कधी गेले नव्हते.
वाजवायला लागले तेव्हापासून मात्र
बोट विसावरून पुढं घसरतं,
लाकूड संपतं तिथं क्षणभर
हवेत दाबून बघतं.

कापलेला तुकडा रूममध्ये आहे,
केसपेपरवर वजन म्हणून.
पंख्याच्या वाऱ्यानं कागद फडफडतात,
तो हलत नाही.
कधी रिकामी असले की
मधल्या बोटाच्या पेरानं टकटक करते.
मला अजून
काही ऐकू येत नाही.